निरोपानंतरची ड्युटी

संगीता सिस्टरला आपण गाव सोडून जाणार असल्याचे पहिल्यांदा कळले ते स्टँडवरच्या फ्लेक्सवरून.

बुधवारची सकाळ होती. ती नेहमीसारखी पायी दवाखान्याकडे निघाली होती. हिंगणटाकळीचे स्टँड म्हणजे एक पत्र्याची शेड, रामेश्वरची पानटपरी आणि फ्लेक्स लावण्यासाठी कायमचे रोवून ठेवलेले दोन बांबू. कालपर्यंत तिथे कुणाचा तरी वाढदिवस होता. आज गावचे पुढारी मोहनराव हात जोडून उभे होते. त्यांच्या खाली त्यांचा मुलगा विजयसिंह मोबाईल कानाला लावून होता, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात ती स्वतः. फोटो कुठला ते तिने लगेच ओळखले. उन्हाळ्यात एका बाळंतिणीच्या भावाने तो काढला होता आणि त्यात तिच्या हातात बाळ होते. फ्लेक्सवाल्याने बाळ काढून टाकले होते, हात मात्र तसेच राहू दिले होते. छातीशी काहीच न धरता ती हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते की गावच्या लाडक्या सिस्टर सौ. संगीताताई यांची उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि शुक्रवारी दुपारी दवाखान्याच्या आवारात निरोप समारंभ.

"पेढे कवा, सिस्टर?" रामेश्वरने टपरीतून विचारले.

"कशाचे?"

"आता कशाचे म्हणता! बगा की वर."

"रामेश्वर, मी अजून जाते म्हणले न्हाई."

रामेश्वरने फ्लेक्सकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. "छापलाय म्हणल्यावर..." एवढेच तो म्हणाला आणि सुपारी कातरू लागला.

निवड झाली होती हे खोटे नव्हते. नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी दोन वर्षांची पदवी असते, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. संगीताने तिची प्रवेश परीक्षा दिली होती, आणि आपण पास होणार नाही याची खात्री असल्यामुळे अगदी निवांत दिली होती. यादीत नाव आले आणि तो निवांतपणा गेला. संभाजीनगरला वसतिगृहात राहायचे, सरकार रजा देणार, पगारही चालू राहणार. अडवायला तसे काही नव्हते, आणि तेच तिला अवघड जात होते. ती चव्वेचाळीस वर्षांची होती. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नव्हती. सोमवारपर्यंत दवाखान्यातल्या डॉक्टरांना हो किंवा नाही सांगायचे होते. हो म्हटले तर परत येणे नव्हते. पदवी घेतलेल्या परिचारिकेला देण्यासारखे पदच हिंगणटाकळीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्हते. नाही म्हटले तर पुन्हा कधीच कुणी विचारणार नव्हते.

ही इच्छा तिच्या मनात कुठून आली, ते तिला नेमके आठवत होते. दोन वर्षांपूर्वी बीडला एक प्रशिक्षण झाले होते. टेबलावर प्लास्टिकची बाई होती, तिच्या पोटातून प्लास्टिकचे बाळ काढून दाखवायचे होते. दाखवणारी एक सिस्टरच होती. साधी सुती साडी, पायात चप्पल, बोलणे परभणीकडचे. समोर बाकांवर नर्सा होत्या तसे तरुण डॉक्टरही होते, आणि ते मान खाली घालून लिहून घेत होते. एका डॉक्टरने काहीतरी विचारले तेव्हा ती म्हणाली, "चांगला प्रश्न आहे, बसा." त्या 'बसा'मुळे संगीताला रात्रभर झोप आली नव्हती. आपण इतकी वर्षे बाळंतपणे करतो ती हाताला सवय झाली म्हणून करतो. अमुक वेळी अमुक का करायचे, ते कुणी विचारले तर आपल्याला सांगता येणार नाही, असे तिला वाटले होते. नंतर तिला ते वाटणे आवडू लागले. हे मात्र ती कुणाशी बोलली नव्हती.

दवाखान्यात पोचल्यावर तिने आधी भिवराबाईला गाठले. भिवराबाई तिथली जुनी परिचर, लेबर रूम धुणारी, आणि यादीत नाव आल्याचे संगीताने घराबाहेर फक्त तिला सांगितले होते.

"मी कुणाला बी सांगितलं न्हाई," भिवराबाई आधीच म्हणाली. "आईच्यान. फकस्त तेजश्रीबाईला सांगितलं."

"तिला कावून?"

"आता ती तर आपल्यातलीच की."

तेजश्री ही दवाखान्यातली दुसरी नर्स, कंत्राटी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. ती मोहनरावांची सून होती. म्हणजे बातमी भिवराबाईकडून तेजश्रीकडे, तेजश्रीकडून जेवणाच्या ताटावर मोहनरावांकडे, आणि तिथून गेवराईच्या फ्लेक्सवाल्याकडे गेली होती. संगीताची जागा रिकामी झाली की तिथे कुणाला बसवायचे हे मोहनरावांना ठरवायला वेळ लागला नसणार. यात कुणी वाईट वागले असेही म्हणता येत नव्हते. अभिनंदनच तर केले होते.

त्या दिवशी तिने इंजेक्शनचा ट्रे दोनदा लावला, आणि तिसऱ्यांदा लावायला घेतला तेव्हा भिवराबाईने तो हातातून काढून घेतला.

संध्याकाळी सोमनाथ घरी आला. सोमनाथ तिचा नवरा. त्याची मेंढरे या आठवड्यात ओढ्यापलीकडे, गावाच्या शिवेबाहेर, बंकटच्या रानात बसली होती. बाजरी निघालेली, ज्वारीची पेरणी व्हायची. अशा मोकळ्या रानात शेतकरी मेंढ्या बसवून घेतो, रानाला खत होते आणि मेंढपाळाला धान्य मिळते. सोमनाथ तिथेच पालावर झोपायचा, भाकरीपुरता घरी यायचा. मुलगी लग्न होऊन कडा गावी गेली होती, मुलगा पुण्याकडे कंपनीत. घरात संगीता आणि सासू मनकर्णा, दोघीच.

"फ्लेक्स बगितला," सोमनाथ जेवता जेवता म्हणाला.

"मग?"

"हात कशाला तसं धरलेत तू?"

"बाळ होतं त्यात. ते जाऊ द्या. मी काय करू ते सांगा. सोमवार आला."

"तुला वाटंल ते कर."

"मला काय वाटतं ते मला कळंना, म्हणून इचारते."

"तुला कळंना तर मला कसं कळंल?" सोमनाथने भाकरी मोडली. हे तो यादी आल्यापासून म्हणत होता. त्यात राग नव्हता आणि माघारही नव्हती. दगडावर पाणी ओतावे तसे तिचे सगळे बोलणे त्याच्यावरून वाहून जायचे.

भिंतीला टेकून बसलेल्या मनकर्णाने विचारले, "शिकून हुतीस काय तू?"

"नर्सांना शिकवता येतं, आत्या. टूटर म्हणतात."

"अन् बाळातपणं कोण करायचं?"

"त्या करायच्या. मी जवळ उभं राहून सांगायचं, असं कर, तसं कर."

"म्हंजी तू सांगायचं अन् दुसरीनं राबायचं?"

"तसंच काहीतरी."

"लई झाक," मनकर्णा म्हणाली. "मला बी जल्मभर तसलीच नौकरी पायजेल हुती. पर सासू लई खमकी, तिनं आदीच धरली." सोमनाथ हसला, संगीताही हसली, आणि प्रश्न तसाच ताटाशेजारी पडून राहिला. उठताना तिने भाजी झाकली. मीठ घालायचे राहून गेले होते आणि कुणी काही बोलले नव्हते, हे तिच्या तेव्हा लक्षात आले.

शुक्रवारी दवाखान्याच्या आवारात मांडव पडला. समारंभ थांबवायचा म्हणून ती आदल्या दिवशी मोहनरावांच्या घरी जाऊन आली होती. मोहनरावांनी तिला पलंगावर बसायला लावले, चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, तुमचा स्वभावच तसा, मोठेपणा घ्यायला नको वाटतं. पण गावाची हौस हाय." पुढे त्यांनी काही ऐकून घेतले नाही.

माईकवरही ते छान बोलले. मेंढपाळाच्या घरातली सून, उन्हातान्हात वाड्या-वस्त्यांवर गेली, अर्धे गाव तिच्या हातावर जन्मले, अशा लेकीला थांबवून ठेवायचे म्हणजे पाप होईल. "अन् गावाने काळजी करायचे कारण न्हाई," ते म्हणाले. "ताईंच्या माघारी दवाखान्याची गैरसोय होणार न्हाई, हा माझा शब्द. तेजश्री हाय." टाळ्या पडल्या. तेजश्री मागच्या रांगेत पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

मग संगीताच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, आणि माईकही आला.

ती रात्री मनात वाक्ये जुळवून आली होती. त्यातले एकच निघाले. "मी जायचं का न्हाई ते अजून ठरवलेलं न्हाई."

मग पुढच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "बगा, अजून बी जीव निघंना आपल्यातून," आणि सगळे हसले, आणि पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या वाजल्या. तिने पुन्हा तोंड उघडले, पण माईक विजयसिंहने घेतला होता. तो जेवणाच्या पंगतीची सूचना देत होता.

पुरुष पंगतीकडे वळले तशा बायका पुढे आल्या. त्यांनी संगीताला खुर्चीवर बसवले, कुंकू लावले, पदर पसरायला सांगितला आणि ओटी भरायला सुरुवात केली. ज्वारी, खण, नारळ. एक झाली की दुसरी. "माजी दोनी तुमच्याच हातावरची, सिस्टर." "मला दम दिला नसता तर मी तवाच मेले असते बाई." एकीने नुसता नारळ ठेवला आणि तोंड फिरवून रडू लागली. समारंभ खोटा होता, पण रडणे खरे होते. त्या दोन्हींच्या मधे संगीता पदर धरून बसली होती. नको म्हणायला जीभ उचलेना. पदर भरला की भिवराबाई तो पोत्यात रिकामा करायची आणि पदर पुन्हा पसरायची.

घरी ती पोते घेऊन आली तेव्हा मनकर्णा दारात उभी होती.

"तितंच थांब," मनकर्णा म्हणाली.

"काय झालं?"

"वटी कुणी भरली?"

"साऱ्या बायांनी."

"घेतलीस?"

"न्हाई कसं म्हणू, आत्या? पदरात घातली."

"मंग भरल्या वटीनं माघारी येऊ ने. गावानं वाटंला लावलंया तुला. शीव वलांड."

संगीताला आधी हसू आले. मग सासूचा चेहरा पाहून ते गेले. "अवो आत्या, मी कुठं निघालेय? सोमवारपर्यंत येळ हाय मला."

"ते सरकाराचं. मी माजं सांगते. जायाचं आसंल तर अशीच शीव वलांड. जायाचं नसंल तर घरोघर जा, जिचं तिचं खण-नारळ तिच्या हातात परत दे, मला जायाचं न्हाई म्हणून सांग, अन् मंग उंबऱ्यात पाय ठिव. दोनीतलं एक कर. मदी उभं राहायचं न्हाई. मदी उभं राहिलं की घरादाराचं वाईट हुतं."

शेजारची दोन माणसे बघत होती. संगीताने पोत्याकडे पाहिले. तोंड बांधलेले नव्हते, वरच्या नारळांच्या शेंड्या दिसत होत्या. ती मनातल्या मनात एका दारापर्यंत जाऊन आली. नारळ ठेवून रडलेल्या त्या बाईच्या दारात उभे राहून काय म्हणायचे? तुमचे रडणे परत घ्या? मग दुसरे दार, तिसरे. तिला ते जमण्यासारखे नव्हते. पण जमत नाही म्हणून गाव सोडायचे, हेही काही कारण झाले नव्हते.

"तुमाला मी जावं असं वाटतं का, आत्या?"

"मला बोलायचं न्हाई. मी बोलले तर तू जल्मभर माज्या नावानं बोटं मोडशील, गेलीस तरी अन् राहिलीस तरी," मनकर्णा म्हणाली. तिने आतून एक चादर आणि तिची ड्युटीची पिशवी आणून ओट्यावर ठेवली आणि दार लोटून घेतले.

म्हणून त्या संध्याकाळी संगीताने पोते डोक्यावर घेतले आणि ओढा ओलांडून शिवेपलीकडे बंकटच्या रानात गेली. मेंढ्या नुकत्याच जाळीत घेतल्या होत्या. काय झाले ते ऐकून सोमनाथ इतका हसला की त्याला खोकला आला. "आई खुळी हाय," तो म्हणाला. "पर बरं झालं. आता तू बी हितंच बस. बंकटच्या रानाला तेवढंच जास्त खत." ती चिडून पालाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. सोमनाथने तिला चटणी-भाकरी आणून दिली आणि त्याबद्दल पुन्हा काही बोलला नाही. हसण्याने तिला जितका त्रास झाला त्यापेक्षा त्या न बोलण्याने जास्त झाला.

शनिवारी सकाळी ती पालावरूनच ड्युटीवर गेली. साडीला मेंढरांचा वास येत होता, एप्रन घातल्यावर तो थोडा दबला. स्टँडवर रामेश्वर म्हणाला, "गेल्या न्हाईत व्हय अजून?" दवाखान्याच्या पायरीवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांनीही तेच विचारले, आणि असे विचारले की जणू ती काही विसरल्यामुळे परत आली आहे.

आत तेजश्री टेबलामागे होती. ती पटकन उठली आणि तिने खुर्ची पुढे केली. "बसा ना, मॅडम."

ती खुर्ची पाहुण्यांची होती. तालुक्याहून कुणी साहेब आले की त्यांना द्यायची. संगीता तिच्यावर कधी बसली नव्हती. ती बसली. भिवराबाई चहा घेऊन आली, आणि तो कपबशीत होता.

"मला कावून कपबशी? माझा ग्लास कुठंय?"

"पावण्याला ग्लासात देत्यात व्हय?" भिवराबाई म्हणाली. मग तिचे तिलाच वाईट वाटले असावे. "सवय हुईस्तवर आसंच हुणार, शिस्टर. तुमाला बी अन् आमाला बी."

साडेदहाच्या सुमारास सायली आली. वस्तीवरची मुलगी, पहिलीच खेप, कळा रात्रीपासून सुरू झालेल्या. तिची आई दारातूनच म्हणाली, "तेजश्रीबाई हायेत का?" संगीता समोर होती. त्या आईने तिला पाहिले, ओळखीचे हसली, आणि तरी तेजश्रीलाच शोधत आत गेली. काल मोहनरावांनी माईकवर सांगितले होते, त्याप्रमाणे.

संगीता उठून हात धुवायला निघाली. भिवराबाईने तिला पडद्याशी अडवले. अडवले म्हणण्यापेक्षा नुसते म्हणाली, "तुमी बसा. लागलं तर हाक मारतील." आणि ती आत निघून गेली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा संगीता लेबर रूमच्या पडद्याबाहेर उभी राहिली. बाहेरून सगळे वेगळे ऐकू येत होते. ट्रेचा आवाज, पाण्याचा आवाज, सायलीचे कण्हणे. आता तपासले असेल. आता नाडी घेत असेल. आता बाळाचे ठोके. इथे थोडे थांबायला हवे. ती थांबली का? हात नुसतेच एकमेकांत गुंतत होते, तिने ते सोडवून पाठीमागे धरले. तिच्या मनात, खरे सांगायचे तर, आत काहीतरी अडावे असे होते. मोठे नाही, सायलीला इजा होईल असे तर नाहीच नाही. एवढेच की तेजश्रीने पडदा सरकवून 'मॅडम, जरा या' म्हणावे. मग ती आत गेली असती, आणि सोमवारचे उत्तर तिथेच मिळाले असते. आपल्यावाचून इथले अडते, कशी जाऊ? गेले कित्येक दिवस ती हेच उत्तर पुढे-मागे फिरवत होती.

आत तेजश्री बोलत होती. संगीता अशा वेळी आवाज चढवायची, दम द्यायची. गावातल्या बायकांना तो दम माहीत होता, त्यांना त्याचा आधारही वाटायचा. तेजश्री आवाज चढवत नव्हती. ती सायलीला हळू काहीतरी सांगत होती, शाळेतल्या मैत्रिणीला सांगावे तसे, आणि मधेच तिने विचारले की नवऱ्याचे नाव उखाण्यात घेतलेस का कधी, घे बघू आता. सायली कण्हता कण्हता चक्क हसली. हे संगीताला कधी सुचले नव्हते.

मग बराच वेळ पुन्हा कण्हणे, पुन्हा ट्रेचा आवाज. मग बाळ रडले.

वार पडली का, रक्त किती, ते ऐकायला तिने कान लावला. भिवराबाईचा आवाज आला, "झालं बाई नीट सगळं," आणि बादली सरकल्याचा आवाज. कुणीही हाक मारली नव्हती. संगीता पाहुण्यांच्या खुर्चीवर परत येऊन बसली. तिला बरे वाटत होते. आई-बाळ सुखरूप असल्याचे बरे वाटणे तिच्या अंगवळणीच पडले होते. पण त्याखाली काहीतरी निसटल्यासारखे झाले होते. ज्या खुंटीला दोर बांधला होता ती खुंटीच कुणीतरी उपटून नेली होती. आता अडवणारे गाव नव्हते, बायका नव्हत्या, दवाखाना नव्हता. उरली होती ती स्वतः, आणि तिला भीती वाटत होती. इंग्रजी पुस्तकांची, चष्म्याची, मुलीच्या वयाच्या पोरींशेजारी बाकावर बसायची, आणि परीक्षेत नापास होऊन परत इथल्या स्टँडवर उतरायची. त्याचा फ्लेक्स लावणार नाहीत, पण समजेल सगळ्यांना.

तेजश्री हात पुसत बाहेर आली. कपाळावर घामाने केस चिकटले होते. "मुलगी झाली," ती म्हणाली. "एकदा हाक मारणार होते तुम्हाला."

"मग का न्हाई मारली?"

"म्हटलं, सोमवारनंतर कुणाला मारू?"

संगीताने तिला आपल्या शेजारचे स्टूल दिले. तेजश्री बसली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, तो फ्लेक्स मी लावायला सांगितला नव्हता. मी घरी नुसतं सांगितलं होतं. मला वाटलं, मामंजींना कौतुक वाटेल."

"वाटलं की कौतुक."

"तुम्ही गेलात की मला कायमचं इथंच बसवायचं ठरलंय. घराजवळ, डोळ्यासमोर. मला पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात जायचं होतं. ह्यांनी लग्नाआधी हो म्हटलं होतं." ती आवाज न करता हसली. "आता ते फ्लेक्सवर फोन लावून उभे आहेत."

"मग मी जाऊ का नको?"

तेजश्रीने मान हलवली. "मला विचारू नका, मॅडम. मला विचारलं तर मी माझ्या सोयीचं सांगेन."

"सगळे तेच सांगायलेत गं," संगीता म्हणाली. "तू निदान तसं सांगितलंस तरी."

दुपारी ड्युटी संपवून ती रानात परतली. सोमनाथ मेंढ्यांचे खूर छाटत होता. पावसाळ्यात चिखलात राहून खूर वाढतात, सडतात, मेंढी लंगडू लागते. दर वर्षी या दिवसांत हे काम असते आणि ते दोघांचे असते, एकाने धरायचे, दुसऱ्याने छाटायचे. सोमनाथ एकटाच मेंढीला गुडघ्यात आवळून बसला होता आणि ती त्याला लाथा मारत होती. संगीताने पिशवी पालात टाकली, पदर खोचला आणि मेंढीचे तोंड आपल्या काखेत धरले.

"दवाखान्यात काय झालं?" त्याने विचारले.

"सायलीला मुलगी झाली. तेजश्रीनं केलं सगळं. चांगलं केलं."

"मंग तर झालंच की."

"काय झालं?"

"न्हाई, म्हंजी, तुला वाटंल ते..."

"तेवढं सोडून बोला," संगीता म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की मेंढी दचकली. "मोहनरावांना काय पायजे ते मला कळलं. तेजश्रीला काय पायजे ते कळलं. आत्या बोलत न्हाईत, पण का बोलत न्हाईत ते सांगतात तरी. तुमी माझ्याशी लग्न केलंय अन् तुमच्या मनात काय हाय ते मला एकटीलाच म्हाईत न्हाई. मी तुमाला परवानगी मागत न्हाई. तुमच्या मनात काय हाय ते सांगा."

सोमनाथने कात्री खुराला लावली, पण दाबली नाही. बंकटच्या बांधावर वारा येत होता आणि मेंढरांवरची माशी उठत-बसत होती.

"जाऊ नको," तो म्हणाला.

संगीताने मेंढीचे तोंड काखेत आणखी घट्ट धरले.

"जाऊ नको," तो पुन्हा म्हणाला, तिच्याकडे न बघता. "दोन सालं म्हणतीस. मंग कुठं दुसरीकडं आर्डर निगंल. मी मेंढरं घिऊन तितं येऊ का? हितं मी रानात आसतो, आठ-आठ दिस घरी येत न्हाई, ते म्हाईत हाय मला. पर घरी तू हाईस हे म्हाईत आसतं म्हणून आसतो. तू नसलीस तर मी कुठनं लांब आसंन? मला बोलता येत न्हाई. म्हणून म्हणत हुतो, तुला वाटंल ते कर. तसं म्हणलं म्हंजी माज्यावर येत न्हाई. आता इचारलंस तर सांगतो. जाऊ नको."

बुधवारपासून तिच्याशी इतकी माणसे बोलली होती, माईकवरून बोलली होती, रडली होती. हे पहिले बोलणे तिच्या अंगाला लागले. तिला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण दोन्ही हात मेंढीत अडकले होते. आणि त्याच क्षणी, त्याच्या 'जाऊ नको'च्या मागोमाग, तिच्या आतून काहीतरी उठले. कुणी दार लावू लागले की आपण न ठरवता पाय पुढे घालतो तसे. तिने ते अडवायचा प्रयत्न केला नाही, वेळही मिळाला नाही.

"पर मी चाललेय," ती म्हणाली.

ती स्वतःच ते वाक्य ऐकत राहिली. ते तिने जुळवलेले नव्हते. त्यात इंग्रजी पुस्तकांची भीती होती तशीच होती, ती कुठे गेली नव्हती. फक्त ती आता सोबत येणार होती.

सोमनाथने वर पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, खरा राग, आणि तो तिने फार दिवसांत पाहिला नव्हता. "मंग मला बोलायला कशाला लावलंस? हे सांगायला?"

"तुमी बोललात म्हणून कळलं मला."

"म्हंजी मी न्हाई म्हणलं म्हणून तू हो म्हणायलीस?"

"तसं न्हाई वो."

"मंग कसं?"

तिला सांगता येईना. काही तरी होते, पण ते शब्दांत धरायला गेले की खोटे वाटत होते. तुम्ही गप्प होता तोवर मला माझे मन दिसत नव्हते, असे म्हणावे, तर त्याचा त्याला काय उपयोग? त्याला बायको घरात हवी होती. त्याने तोंड उघडून मागितली होती, आणि तिने नाही म्हटले होते. इतक्या वर्षांत त्याने एकच गोष्ट मागितली असेल तर ती ही.

"मी सोमवारी डॉक्टरांना हो सांगते," ती म्हणाली. "तुमी रागावला तरी चालंल. मला रागावलेलं चालंल."

"चालंल म्हणं," सोमनाथ म्हणाला आणि कात्री दाबली. खुराचा काळा तुकडा मातीत पडला. मेंढीने हिसडा दिला. "नीट धर. हलली तर रगत यील."

तिने नीट धरले. तो खूर झाला, त्याने दुसरा घेतला. मेंढी सोडली तशी ती तीन पायांवर उड्या मारत, मग चारही पायांवर कळपात गेली. सोमनाथ उठला, दुसरी मेंढी मागच्या पायाला धरून ओढत घेऊन आला आणि तिचे डोके संगीताच्या काखेत दिले. मग तिसरी आणली. बंकटच्या रानात बऱ्याच मेंढ्या राहिल्या होत्या, आणि तो एकेक पकडून तिच्यापुढे आणत राहिला, तिच्याकडे न बघता, ऊन उतरेपर्यंत.